सर निवृत्त होताहेत, मैदान माझ्याकडे आलंय

वाचकाचं पत्र: "सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत मी चार वर्षांपासून शिकवते. बी.पी.एड. झालंय, पण माझा खेळ ४०० मीटर धावण्याचा. खो-खो कॉलेजात जेमतेम खेळले. शाळेत आठवी-नववीचा भूगोलही माझ्याकडेच आहे. आमचे क्रीडाशिक्षक येत्या ३१ मे रोजी निवृत्त होताहेत. ३१ वर्षं त्यांनी मुलींचा खो-खो संघ सांभाळला. आता संस्थेने तो माझ्याकडे दिलाय. सरांना काही विचारलं की 'होईल हो मॅडम सगळं' एवढंच म्हणतात. मुली ऊठसूट 'सर असं नव्हते करत' म्हणतात. दोन पालकांनी मुलींना सकाळच्या सरावाला पाठवणं बंद केलंय. सर गेले आणि संघ मोडला, असं गावाने म्हणू नये. सुरुवात कुठून करू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

खो-खोची काळजी सध्या बाजूला ठेवा. नियम पंधरा दिवसांत पाठ होतात आणि डोळा दोन हंगामांत बसतो. तुम्ही धावपटू आहात, त्यामुळे अर्धं शरीरशास्त्र तुम्हाला आधीच ठाऊक आहे. मेअखेर शाळेच्या फाटकाबाहेर जाणार आहे ते वेगळंच काहीतरी: कोणत्या मुलीच्या घरी कोणाचा शब्द चालतो, जिल्ह्याच्या गावी मुक्कामाची सोय कुठे होते, खांबाचं लाकूड कोणत्या वखारीतून येतं, कुणाच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली आहे. हे सगळं सरांच्या डोक्यात आहे, कागदावर एक ओळही नाही. उरलेले महिने त्यासाठीच वापरा.

सर सांगत नाहीत म्हणून मन खट्टू करू नका. ३१ वर्षं रोज केलेली गोष्ट माणसाला सांगण्याजोगी वाटतच नाही. 'सर, मी काय काय करू?' या प्रश्नाला 'होईल हो' हेच उत्तर येणार. एका वाक्यात उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा, तेही मैदानावर, काम चालू असताना. 'ही मुलगी खांबाला डाव्या हातानेच का वळते?' 'पावसात सराव कुठे घेता?' 'तालुक्याला जायचं वाहन कोणाला सांगता?' 'गेल्या वर्षी जिल्ह्याला आपण कशामुळे हरलो?' या शेवटच्या प्रश्नावर सर अर्धा तास बोलतील, बघा. दोनशे पानी वही घ्या आणि त्याच रात्री लिहून काढा. सरांसमोर वही उघडली तर ते मोजून-मापून बोलायला लागतील.

आणखी एक प्रश्न आहे, थोडा अवघड, पण टाळू नका: 'सर, वर्षाकाठी तुमच्या खिशातून किती जातं?' गावोगावच्या अशा संघांमागे बहुतेक वेळा एका शिक्षकाचा पगार उभा असतो. केळी, एसटीचं तिकीट, एखादीचे बूट, पट्ट्या, मैदान आखायची फक्की. सर हा आकडा सांगायला लाजतील, तरी काढून घ्या. तो तुम्ही निमूटपणे पुढे चालवायचा नाही. खर्चाचा कागद करून मुख्याध्यापकांना द्या आणि शाळा काय देईल ते लेखी घ्या. उरलेलं सरांच्या जुन्या विद्यार्थिनींकडे मागा, आणि प्रत्येक रुपयाची पावती ठेवा. सरांनी कधी हिशेब ठेवला नसेल, कारण त्यांना कोणी विचारत नव्हतं. तुम्हाला विचारतील.

आता त्या दोन पालकांबद्दल. त्यांचा राग तुमच्यावर आहे असं समजू नका. जानेवारीत सातारा भागात सूर्य सातच्या पुढे उगवतो. सहाचा सराव म्हणजे पोरगी साडेपाचला अंधारात घराबाहेर. सरांच्या भरवशावर घरच्यांनी हे इतकी वर्षं चालवून घेतलं, कारण सरांनी कदाचित त्या मुलीच्या आईलाही शिकवलं असेल. तो भरवसा पदाबरोबर तुमच्याकडे येत नाही, दारात जाऊन घ्यावा लागतो. म्हणून संघातल्या प्रत्येक मुलीच्या घरी सरांना सोबत घेऊन जा. एकट्या नको आणि नुसत्या फोनवरही नको. वेळ संध्याकाळी साडेसात-आठची, दुधाचं काम उरकल्यावर. सरांनी ओळख करून द्यायची, पुढचं तुम्ही बोलायचं. घरच्यांना चार गोष्टी सांगा: सराव किती ते किती, मैदानावर मोठं कोण हजर असणार, मुलगी कोणत्या एसटीने येणार-जाणार आणि तुमचा नंबर. आजी किंवा चुलता घरात असेल तर त्यांच्याशी आधी बोला. पुष्कळ घरांत शेवटचा शब्द त्यांचाच असतो, आणि कोणत्या घरात कोणाचा ते सरांना माहीत आहे.

वेळही बदला. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळचा सराव सव्वासातला सुरू करा. शाळा अकराची असेल तर तेवढं जमतं. संध्याकाळचा सराव शेवटच्या गाडीवरून ठरवायचा. वाड्या-वस्त्यांवरच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण गाडी चुकली तर पासाचा काय उपयोग? डेपोचं वेळापत्रक स्वतः बघून या, आणि गाडीच्या वीस मिनिटं आधी शिट्टी मारून सराव बंद करा. खेळ कितीही रंगलेला असू दे. दोन महिने हे पाळलंत की तुमची वेळ गावात पाठ होईल.

दहावीच्या वर्षाचा प्रश्न प्रत्येक घरी निघणार. तिथे गोड बोलून वेळ मारून नेऊ नका. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात आणि खालच्या पायऱ्या साधारण पावसाळ्यात नि दिवाळीच्या आगेमागे उरकतात. तारखा दर वर्षी हलतात, म्हणून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं वेळापत्रक आलं की त्याची झेरॉक्स पालकांच्या हातात द्या. दहावीच्या मुलीला आठवड्यातून तीनच दिवस बोलवा आणि सहामाहीच्या आधी दहा दिवस पूर्ण सुट्टी द्या. क्रीडागुणांची सवलत आहे, ती सांगा, पण कोणत्या स्तराला किती गुण हे त्या वर्षीचा शासन निर्णय वाचूनच सांगा. अंदाजे सांगितलेला एक आकडा चुकला तर पुढची दहा वर्षं तुमच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला तेव्हा प्रियांका इंगळे कर्णधार होती. ही नावं घरात जरूर घ्या. मुलींचे डोळे चमकतात आणि बापही जरा सरसावून बसतो. मात्र 'तुमचीही तशीच होईल' असं चुकूनही म्हणू नका.

आता कपाट. सरांच्या खोलीतलं किंवा जिन्याखालचं, जे असेल ते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी होते. शाळा सोडून सात-आठ वर्षं झालेली मुलगी पोलीस भरतीच्या वेळी एक दिवस शाळेत येते आणि विचारते, 'सर, आपण विभागाला खेळलो होतो त्याचा संघाचा कागद आहे का?' सर कपाटात हात घालून तो काढून देत आले आहेत. जूनपासून हा हात तुमचा. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत दोघांनी बसून वर्षवार फायली लावा: खेळाडूंच्या नावांची यादी, प्रवेशअर्जाची प्रत, निकालपत्रक, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा आणि शाळेच्या संगणकावर वर्षाच्या नावाने ठेवा. वाळवी आणि गळका पत्रा कोणाची वाट पाहत नाही.

नावाच्या स्पेलिंगकडे डोळ्यांत तेल घालून बघा. जनरल रजिस्टरला 'सुप्रिया', आधारवर एक अक्षर कमी आणि प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाऐवजी नुसतं आद्याक्षर, अशा तीन कागदांनी मुलगी पुढे अडते. प्रमाणपत्र हातात पडताच, स्पर्धेच्या ठिकाणीच, बसमध्ये चढायच्या आधी वाचायचं. तिथे दुरुस्ती पाच मिनिटांत होते. वर्षानंतर त्याच दुरुस्तीला खेटे घालावे लागतात. जन्मतारखेचंही तसंच. १७ वर्षांखालील गटात ३१ डिसेंबरला १७ पूर्ण झालेली मुलगी चालत नाही, आणि जन्माची नोंद उशिरा झालेली असेल तर समोरचा संघ हरकत घेतो. जूनमध्येच प्रत्येकीचा जन्मदाखला, आधार आणि रजिस्टरमधली नोंद शेजारी ठेवून ताडा. फरक दिसला तर मुख्याध्यापकांना लगेच लेखी कळवा. स्पर्धेच्या आदल्या रात्री यावर काहीही करता येत नाही.

मैदानाकडे येऊ. हल्लीचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. पूर्वी ते २९ बाय १६ होतं. सरांनी कोपऱ्यांत लोखंडी खुंट्या पुरलेल्या असतील तर त्या कोणत्या मापाच्या आहेत ते आधी मोजा. सोपी युक्ती म्हणजे कर्ण मोजायचा: समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर ३१ मीटर ३८ सेंटिमीटर आलं तर नवं माप, ३३ मीटर १२ सेंटिमीटर आलं तर जुनं. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. वेगळे आले तर मैदान तिरपं आखलं गेलंय आणि मुलींची पावलं स्पर्धेच्या मैदानावर चुकणार. कापडी टेप ताणली की लांबते, म्हणून फायबरची तीस-पन्नास मीटरची टेप शाळेकडून मागून घ्या. नियमपत्रक दर हंगामाआधी नव्याने वाचा. या खेळात मापं आणि नियम बदलत आलेत, आणि एखादवेळी सरांच्या डोक्यात जुनाच नियम पक्का बसलेला असेल.

फक्कीबद्दल एक सांगायलाच हवं. चुनकळी विकत आणून, घाईत फोडून तीच मैदानावर टाकली जाते. तसं करू नका. न विझलेल्या चुन्याने खरचटलेला गुडघा भाजतो, आणि सूर मारताना तो डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. विझवलेला चुनाही डोळ्याला घातकच, म्हणून खडूची भुकटी वापरा, आणि रेघ बोटभर जाड ढीग न होता पातळ पडू द्या. डोळ्यात गेलंच तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोडायची आणि थेट दवाखाना गाठायचा.

माती रोज संध्याकाळी हलकी भिजवा आणि सकाळी खडे वेचा. वेचायला सगळ्या मुली एका ओळीत, हाताच्या अंतरावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पाच मिनिटांचं काम आहे. गुडघ्याच्या निम्म्या जखमा तिथेच वाचतात.

आता खेळ. धावपटूची चूक तुमच्याकडून होणार ती अशी: मैदानाला दहा फेऱ्या. त्यात मुली दमतात, शिस्त दिसते आणि खो-खोला त्याचा फारसा उपयोग होत नाही. पाठलाग करणारी एका दमात फार तर काही सेकंद पळते, खो देते, बसते आणि पुन्हा उठते. पळणारी मिनिट-दोन मिनिटं टिकते, पण तीही दर दोन-तीन सेकंदांनी दिशा मोडत. म्हणून लांब पळणं आठवड्यातून एकदाच ठेवा. रोजच्या ७५ मिनिटांतली पंधरा अंग मोकळं करण्यात घालवा: सावकाश पळणं, गुडघे उचलून चालणं, घोटा-कंबर-खांदा फिरवणं, शेवटी दहा-दहा मीटरच्या चार दौडी. मग वीस मिनिटं बसून उठण्याचा सराव. आठ मुली आपापल्या चौकोनात, शेजारी-शेजारी विरुद्ध तोंडांनी, आणि पाठीवर थाप बसताच तीन पावलं पूर्ण जोराने. असे सहा वेळा, मधे श्वास जाग्यावर येऊ द्यायचा, आणि तीन फैरी. उठताना पहिलं पाऊल मागे जात असेल तर बसण्याची ठेवण चुकलीय: पुढच्या पायाची टाच उचललेली हवी, वजन चवड्यावर आणि हात जमिनीला टेकलेले.

खो देण्याकडे जवळून बघा, कारण सामने तिथेच हरले जातात. हात पाठीला लागणं आणि तोंडातून 'खो' येणं एकाच क्षणी झालं पाहिजे, आणि तेही पाठीमागून. घाईत शब्द आधी येतो, किंवा बसलेली मुलगी पावलांच्या आवाजावरच उठते. पंचांची शिट्टी वाजते, पाठलाग उलट्या दिशेला फिरवावा लागतो आणि पळणारी तेवढ्यात निसटते. सरावात दोन मुलींना बाजूला उभं करून फाउल मोजायला लावा: लवकर उठणं, खांद्याची दिशा मोडणं, मधल्या पाटीवर पाय पडणं. आठवडाभराचे आकडे भिंतीवर लावा. ९ मिनिटांच्या पाळीत किती फाउल होतात हे मुलींनी स्वतः मोजलं की तुम्हाला ओरडावं लागत नाही.

पळणाऱ्यांसाठी तिघी-तिघींच्या तुकड्या करा, कारण सामन्यातही तिघीच आत येतात. चाळीस सेकंद पळती, ऐंशी सेकंद विश्रांती, सहा वेळा. दर पंधरवड्याला पळतीचे दहा सेकंद वाढवत ऑगस्टपर्यंत दीड मिनिटावर न्या. साखळी (बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळणं) आणि रिंग (गोल फिरत पळणं) हे डावपेच मात्र सरांकडूनच शिका, आणि पुस्तकातून न वाचता मैदानात पळून शिका. तुम्ही स्वतः आत उतरून दोनदा बाद झालात तर मुलींना आवडेल, आणि वळण कुठे घ्यायचं ते तुमच्या पायांना कळेल.

सूर मारणं घाईने शिकवू नका. पोत्यात भुसा भरून गादी करा. आधी गुडघ्यावर बसून, मग उकिडवं बसून, मग चालत, शेवटी पळत. एका टप्प्यावर निदान दोन आठवडे, आणि एका सरावात दहापेक्षा जास्त सूर नकोत. हनुवटी वर हवी, तळवे आधी टेकावेत, मग छाती-पोटावर घसरत जावं. कोपर आधी टेकलं की गळपट्टीचं हाड मोडण्याची भीती असते. वाळलेल्या कडक मातीवर सूर अजिबात नको.

दुखापतीत सरांचा हात हलका असेल, पण चोळण्याची जुनी सवय मोडा. घोटा मुरगळला तर पहिले दोन दिवस चोळायचं नाही आणि शेकायचंही नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पाय उशीवर उंच. मुलीला चार पावलंही टाकता आली नाहीत तर एक्स-रे. डोक्याला मार बसला तर त्या दिवसाचा खेळ संपला, मग अंतिम सामना का असेना.

'सर असं नव्हते करत' याचं उत्तर आता. पहिले दोन महिने सुरक्षिततेच्या गोष्टी सोडून काहीही बदलू नका. मुलगी तसं म्हणाली की रागावू नका, तिलाच पुढे बोलवा: 'सर कसं करायचे ते दाखव बघू.' ती दाखवेल, बाकीच्या दुरुस्त करतील आणि तुम्हाला सरांची पद्धत फुकटात शिकायला मिळेल. दोन महिन्यांनी एकच गोष्ट बदला, तीही का बदलतोय ते आकड्यांनी सांगून. पण काही गोष्टींना वाट पाहायची नसते. सरावात पाणी प्यायचं नाही, दुखत असलं तरी खेळायचं, चुकलं की छडी, यातलं काही मैदानावर चालत आलं असेल तर ते पहिल्याच दिवशी बंद. पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट. शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेच बंदी आहे. सरांबद्दलचा आदर वेगळा, आणि त्यांच्या काळात सगळीकडे चालायचं म्हणून चाललेली सवय वेगळी. सरांना एकट्यात सांगा, मुलींसमोर नको.

एका बाबतीत तुम्ही सरांच्या पुढे जाणार आहात. पाळीबद्दल या मुली सरांशी कधी बोलल्या नसतील. पोटात दुखतंय म्हणून घरी राहायच्या आणि कारण 'पाहुणे आलेत' असं सांगायच्या. साहित्याच्या पेटीत सॅनिटरी पॅड, एक जादा ट्रॅकपँट आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवा, आणि पेटी कुठे आहे ते सगळ्यांना एकदाच स्पष्ट सांगा. मग कोणाला मागावं लागत नाही. चांगली पळणारी मुलगी महिन्याभरात मंदावली, जिना चढताना धापा टाकायला लागली, तर आळस म्हणू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर डॉक्टर औषध देतील. शाळेतून आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मुली बऱ्याचदा खिशात टाकतात आणि कुंपणापलीकडे फेकतात. रिकाम्या पोटी घेतल्यावर मळमळतं, हे त्याचं मोठं कारण. जेवणानंतर, तुमच्यासमोर द्या, आणि सोबत चहा नको. सकाळी बहुतेक जणी उपाशी येतात. सरावाआधी एक केळं, सरावानंतर भिजवलेले हरभरे किंवा शेंगदाणे-गूळ मूठभर, एवढं पुरतं. हा खर्चही त्या कागदात धरा.

संघ बाहेरगावी नेताना प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या, आणि मुक्कामी तुमच्याबरोबर आणखी एक मोठी बाई असू द्या. शाळेत दुसरी शिक्षिका मोकळी नसेल तर एखादीची आई न्या. मुलींना घेऊन तुम्ही दवाखान्यात गेलात तर मागे कोण, हा प्रश्न दर हंगामात एकदा तरी येतोच.

मुख्याध्यापकांकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात एक अर्ज द्या. भूगोलाचे तास दिवसाच्या सुरुवातीला मिळावेत, आणि स्पर्धेच्या महिन्यांत तुमच्यावर दुसरं शालाबाह्य काम आलं तर सरावाला कोण उभं राहणार त्याचं नाव. तोंडी 'बघू' वर थांबू नका.

सरांचं पुढे काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो. पहिला पाऊस पडून मैदान तयार होईल तेव्हा हा माणूस घरी बसलेला असेल. ते त्याला जड जाणार आहे. तुम्ही रोज फोन केलात तर संघ तुमचा होणार नाही, आणि मुळीच बोलावलं नाहीत तर त्यांना परकं वाटेल. म्हणून आत्ताच, निवृत्तीच्या आधी, एक ठरावीक वार मागून घ्या. शनिवारी सकाळी पाचवी-सहावीच्या मुली सरांच्या. लहान पोरींना बसायला-उठायला शिकवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, आणि तीन वर्षांनी त्याच मुली तुमच्या संघात येतील. सामन्याच्या वेळी मात्र सरांची जागा प्रेक्षकांत. बाकावरून दोघांचे दोन आवाज गेले तर मुलगी मधेच उभी राहते. हे त्यांना तुम्ही सांगायला जाल तर अवघड होईल. मुख्याध्यापकांकरवीही नको. सरांनाच विचारा, 'सर, सामन्यात मुलींनी कोणाचं ऐकायचं?' ३१ वर्षं बाकावर बसलेला माणूस याचं बरोबर उत्तर देतो.

निरोपसमारंभ सभागृहात शाल-श्रीफळाने होईलच. त्याआधी एका रविवारी संध्याकाळी मैदानावर सरांच्या जुन्या मुलींचा आणि आत्ताच्या संघाचा सामना ठेवा. जुन्या मुली येतील, काही जणी कडेवर लेकरू घेऊन. त्या दिवशी प्रत्येकीचा नंबर आणि सध्याचं गाव लिहून घ्यायला दोघींना वही देऊन फाटकाशी बसवा.

आणि खांब. मैदानावर जाऊन दोन्ही हातांनी हलवून बघा. जमिनीलगत, मातीशी लाकूड भेटतं तिथे, नखाने टोचा. भुसा निघाला तर तो आतून कुजलाय. पळणारी मुलगी पूर्ण वेगात एका हाताने त्याला धरून वळते, तो हलला तर दात आणि खांदा दोन्ही जातात. बदलायचे असतील तर मेमध्येच, पाऊस लागायच्या आधी. ओल्या काळ्या मातीत रोवलेला खांब माती सुकून आकसली की सैल होतो. जमिनीवर १२० सेंटिमीटर राहील असा आणि खाली निदान दोन फूट जाईल असा गुळगुळीत गोल लाकडी खांब घ्या. गाडला जाणारा भाग डांबराने माखा आणि वाळू द्या. खड्ड्यात मुरूम वीतभर-वीतभर घालून, प्रत्येक थर पहारीने ठोकून भरा. एकट्याने हे काम होत नाही. खांब सरांना धरायला सांगा, ओळंबा तुम्ही लावा.